बांधी कोणती, ते सांगा

आमच्या घरमालकांनी नोकरीत असताना पाण्याची भांडणं मिटवली आणि निवृत्तीनंतर नवराबायकोची. दोन्हींत फरक एवढाच, असं ते म्हणत, की पाण्याच्या भांडणात पाणी कुठून येतं ते निदान सगळ्यांना माहीत असतं.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. अर्जुनी मोरगाव तालुक्यात बदली झाली तेव्हा घर शोधायच्या आधी मी यादी केली होती: नळ, वेगळं दार, स्कूटीला छप्पर, जवळ स्टेशन आणि कमी बोलणारा घरमालक. पहिल्या चार गोष्टी मिळाल्या. खोली पाहायला गेले तेव्हा नळाची तोटी निखळलेली होती. मी म्हटलं, "आधीच्या भाडेकरूनं पार वाट लावलीय नळाची."

घरमालक हातातली बांबूची काठी जमिनीवर टेकवत म्हणाले, "तो गेला जी. त्याले सोडा. पानी कोनत्या वेळी पाह्यजे, ते सांगा."

"सकाळी सहाला."

"असं बोला ना म्याडम." संध्याकाळी तोटी बसली होती. आधीच्या भाडेकरूचं नाव मला त्या घरात कधीच कळलं नाही.

ती काठी सरकारी नव्हती, पण तिचा थाट सरकारी होता. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर ते निरीक्षक होते तेव्हा गेटाशी पाणी किती चढलं ते पाहायला त्यांनी तिच्यावर विळ्यानं खुणा केल्या होत्या. नोकरी संपली, खुणा राहिल्या. रोज पहाटे ते अंगात खाकी अर्धा सदरा घालून कालव्याच्या पाळीवरून, म्हणजे काठाच्या बांधावरून, फिरायला जात, गेटागेटाशी काठी बुडवत आणि परत आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, सांगत, "आज दुसऱ्या खुनेवरी आलं." काकी चुलीकडे तोंड ठेवून म्हणत, "हं." एवढंच. हा अहवाल आता कोणी मागत नव्हतं. त्यांच्या जागी आलेला तरुण अधिकारी तर ते दिसले की मोटारसायकल वळवून घेई.

पाणी सुटलं की कालव्यावर भांडणं ठरलेली. ज्यांची शेती गेटाजवळ, त्यांच्या बांध्या तुडुंब. बांधी म्हणजे बांधांनी घेरलेला धानाचा तुकडा. आमच्याकडे शेत असं कोणी म्हणत नाही, बांधीच म्हणतात. आणि ज्यांची शेती कालव्याच्या अगदी शेवटाला, त्या टेलच्या लोकांना पाणी येतं ते ऐकूनच. मग टेलवाला कुऱ्हाडीचा दांडा घेऊन येई, "अमक्यानं माहं पानी चोरलं!" आमचे घरमालक कानांवर हात ठेवत. अक्षरशः. चोराचं नाव ऐकायचं नाही, हा त्यांचा नियम.

"नाव घेतलं का तोही नाव घेते," ते मला समजावत. "मंग बाप निंगते, आजा निंगते. तोवरी पानी नाल्यात. म्हनून म्या म्हनो, बांधी कोनती कोरडी ते सांग. धान निसवला का, लोंब्या फुटल्या का, ते सांग. किती वेळ पानी पाह्यजे, ते सांग. चोर म्या नंतर पाहतो."

"मग पाहायचात?"

"कायले? पानी भेटलं का चोराले कोन विचारते!"

दुसरा नियम 'कधीच' या शब्दाबद्दल. "माह्याकडं कधीच पानी येत नाई," असं कोणी म्हटलं की ते त्याला हाताला धरून बांधीवर नेत. "हा धान उभा हाये ना? कधीच आलं नसतं तं वाळून गेला असता. म्हनजे आलं. कधी आलं, तेवढं सांग." माणूस चिडे, मग आठवायला लागे, आणि आठवायला लागलेला माणूस दांडा खाली ठेवतो, असा त्यांचा अनुभव.

तिसरा नियम: गेटाला जे देता येतं तेच मागायचं.

हे तीन नियम घेऊन ते निवृत्त झाले आणि निवृत्ती म्हणजे माणसाला सर्वांत घातक वस्तू, वेळ. गेटावरून भांडत आलेल्या एका जोडप्याचं भांडण गेटाचं नव्हतंच, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि धंदा सुरू झाला. धंदा म्हणजे फुकट. उलट चहा काकींच्या चुलीवरचा जाई.

माझ्या खिडकीतून ओसरी दिसायची, त्यामुळे मी बरीच प्रकरणं पाहिली. एक जोडपं लक्षात आहे. नवरा हार्वेस्टर चालवायचा, बायको शिवणकाम करायची. बाई आल्या आल्या सुरू झाली.

"हा मानूस घरी येते आन मोबाईलात घुसते. कधीच बोलत नाई. याले बायको कायले पाह्यजे होती?"

"आन हे?" नवरा म्हणाला. "आलो का सुरू! तुही माय असी, तुहा भाऊ तसा. मंग मोबाईलच बरा. तो गप राहते."

घरमालकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मग बाईकडे काठी वळवली. "बाई, बांधी कोनती?"

"आमची कुठची बांधी जी? दुसऱ्याची ठेक्यानं करतो."

"ते नाई वो. तुही कोरडी जागा कोनती? दिवसभराची का रातची?"

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग खाली पाहून म्हणाली, "सांजी जेवताना. पोट्टे जेवून झोपतात, मंग आमी दोघं बसतो. तवा… दिवसभर मशीनसंगच बोलत राहते मी."

"किती वेळ पानी पाह्यजे?"

"जेवन होयेवरी."

ते नवऱ्याकडे वळले. "गेटाले देता येते का एवढं?"

"येते ना," तो ओशाळून म्हणाला. "हे असं सांगितलं असतं तं… मले वाटलं माह्या मायबापावर बोलून राहिली."

"आन तुही बांधी?"

त्यानं जरा विचार केला. "घरी आलो का पानी प्यायेवरी कोनी काही सांगू नये. बस."

प्रकरण चहा निवायच्या आत मिटलं. दोघं मोटारसायकलवरून गेले. ते गेल्यावर घरमालकांनी असा चेहरा केला की जणू इटियाडोह त्यांनीच बांधलं.

मी तेव्हा हसले होते, पण शनिवारी प्रयोग केला. माझे यजमान गोंदियाला, तिथल्याच बाजारात वाढलेले, शनिवारच्या पॅसेंजरने इकडे येत. त्यांच्याबद्दलच्या तक्रारींची माझी एक यादी होती, विषयवार. नावं ठेवणं, 'नेहमी' आणि 'कधीच' काढून टाकल्यावर तिच्यात एकच ओळ उरली: गाडीत बसल्यावर फोन करा, म्हणजे भात कधी टाकायचा ते कळेल. मी तेवढंच म्हटलं. ते म्हणाले, "बस इतनाच? अगं, मग पहिलेच बोलना था ना." त्या शनिवारपासून फोन येऊ लागला. इतक्या वर्षांची माझी मेहनतीची यादी वाया गेली, याचं थोडं दुःख झालंच.

सगळंच त्यांच्याकडे मिटे असं नाही. एकदा जंगलकाठच्या गावातली एक बाई आली, गाल सुजलेला. त्यांनी एक वाक्य ऐकलं, बांधी विचारली नाही, उठून चपला घातल्या. "काय वो," आत हाक दिली, "हिले चहा दे आन तूही चाल. हे पान्याचं नाई, पोलिसाचं हाये." तिघं पायी ठाण्यात गेले. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "जो गेटच फोडते, त्याच्यासंग पान्याची पाळी ठरवत नसतात म्याडम." त्या दिवशी मला ते खरोखर मोठे वाटले.

आता काकींबद्दल.

माहेर गोंदियाजवळच्या कामठ्याचं, तोंड गोड, बोलणं कमी. मला वाटायचं स्वभावच तसा. मग ध्यानात आलं की त्या घरात बोलायचं म्हणजे आधी अर्ज नीट भरावा लागे. एकदा त्या म्हणाल्या, "छपरातून नेहमी पानी गळते." घरमालक पेपरातून मान वर न करता म्हणाले, "नेहमी नाई. पावसात." त्या म्हणाल्या, "तुमी घरी कधीच राहत नाई." हे म्हणाले, "आता कुठं हाये मी?" प्रत्येक उत्तर बरोबर होतं. त्यामुळेच काकींचा कोणताही विषय दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचत नसे. जगाची भांडणं ज्या पद्धतीनं सुटत, तीच पद्धत घरात फाटक लावायच्या कामी येई.

एकदा भांडी घासता घासता काकी मला म्हणाल्या होत्या, "लोकाईले भेटते तो मानूस बरा हाये म्याडम. मले साहेब भेटते."

त्या वर्षी काकींना दिसेनासं होत चाललं होतं. मी स्वतः ऐकलं आहे.

"मले आजकाल दिसत नाई जी."

"दिसत नाई म्हनजे काय? जवळचं का दूरचं? सकाळी का सांजी? नीट सांग."

"जाऊ द्या."

असं एकदा नाही झालं. हळूहळू त्या भिंतीला हात लावत चालू लागल्या. चहा बशीत सांडू लागला. घरमालकांच्या लेखी तक्रार नीट नोंदली गेली नव्हती, म्हणून ती नव्हतीच. मग एके सकाळी भाताची पेज टाकायला जाताना त्या उंबरठ्यावर अडखळून ओसरीखाली पडल्या. मनगट सुजलं. कामठ्याहून भाऊ आले आणि त्यांना थेट गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेला. ऑपरेशन एका डोळ्याचं आधी, दुसऱ्याचं नंतर. तोवर माहेरी राहायचं ठरवून त्या कपडे घ्यायला घरी आल्या.

निघताना घरमालक अंगणात काठी धरून उभे. म्हणाले, "मले नीट सांगितलं असतं तं…"

काकींनी पिशवी भावाकडे दिली. "आता कोनती बांधी ते सांगत नाई. मी गावच सोडून चालली. दोन्ही डोळे झाले तरी तिकडंच राहीन." त्या कधीही आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही.

त्यानंतरचे दिवस पाहण्यासारखे होते. म्हणजे पाहवत नव्हते, पण माझी खिडकी तिकडेच उघडते. घरमालक काठीच्या खुणेनं भातात पाणी घालत. पहिली खूण घातली तर भात कच्चा, दुसरी घातली तर पेज. पहाटे कालव्यावरून येत, सवयीनं स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत आणि तोंड उघडून मिटत. एक जोडपं आलं, बाईनं नवऱ्याची सात पिढ्यांची नावं घेतली, यांनी कानावर हातही ठेवला नाही. जोडपं स्वतःच घाबरून, समेट करून निघून गेलं.

मग एक दिवस ते मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. "म्याडम, तुमी व्यवस्थित लिहिता. तिच्या भावाच्या फोनवर एक निरोप टाका. मी सांगतो. लिहा: घरी सर्व ठीक आहे. उंबरठ्यापाशी सिमेंटची पायरी करण्यात आली आहे. छपराची कवेलू फेरण्यात आली आहेत. तरी आपल्या सोयीनुसार परत यावे."

"काकाजी, हे काकींना पाठवायचंय की उपअभियंत्याला?"

"काऊन? यात चूक कोनती हाये?"

चूक एकही नव्हती. पाठवलं. भावाचं उत्तर आलं: डॉक्टरांनी तिला मोबाईल पाहायला मना केलं आहे.

मला शनिवारी गोंदियाला कामासाठी जायचंच होतं. त्यांनाही म्हटलं, चला. खाकी सदरा धुऊन, काठी घेऊन ते पॅसेंजरमध्ये माझ्यासमोर बसले आणि अर्जुनी सुटल्यापासून तालीम करू लागले.

"मी म्हनीन, घर चालवाले मानूस लागते."

"त्या म्हणतील, कामवाली ठेवा."

"मंग म्हनीन, मले जेवन जमत नाई."

"डबा लावा म्हणतील."

"म्हनीन, लोक काय म्हनतीन."

"ती लोकांची बांधी झाली, काकाजी. तुमची कोणती?"

त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. "माहाच नियम माह्यावर चालवून राहिल्या का तुमी!" मग खिडकीबाहेर पाहत बसले. बाहेर उन्हाळी धान हिरवागार, आणि ते प्रत्येक गेट दिसलं की नकळत काठी उचलत.

कामठ्याला भावाच्या अंगणात काकी खाटेवर बसल्या होत्या. काळा चष्मा. चष्म्यामुळे त्या कुणाकडे पाहताहेत ते कळत नव्हतं आणि याचा त्यांना पुरेपूर फायदा मिळत होता. त्यांच्या वहिनींनी आम्हाला पाणी दिलं. घरमालकांनी घसा साफ केला.

"थांबा," काकी म्हणाल्या. "पह्यले मी बोलते. आज दुरुस्ती नाई करायची."

आणि त्या बोलल्या. मी त्यांच्याकडे इतकी वाक्यं आहेत हे धरून चाललेच नव्हते. "तुमी कधीच माहं आयकलं नाई. नेहमी पह्यले शब्द पाहता. लग्न होऊन आली तवापासून तुमची बायको तो कालवा हाये, मी नाई. मले दिसत नाई म्हनलं तं तुमी मले परीक्षा घातली. जवळचं का दूरचं! आंधळ्या मानसाले काय मालूम, कोनतं जवळ हाये? तुमच्या आईनं, तुमच्या बहिनीनं…" इथे नावं आली, भरपूर. एका गावामागून दुसरं गाव. प्रत्येक 'कधीच'ला घरमालकांच्या हातातली काठी जमिनीवरून उचलली जाई. दोनदा त्यांनी तोंड उघडलं. एकदा मी खोकले. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच ती काठी खाटेखाली सारून दिली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, शाळेतल्या पोरासारखे. हात कानांवर गेले नाहीत, एवढंच मी पाहत होते.

भाऊ गोठ्याकडे निघून गेले. काकी दमल्या. म्हणाल्या, "झालं. आयकलं का? का नुसते चुका मोजून राहिले?"

घरमालक म्हणाले, "आयकलं."

"काय आयकलं?"

"तुले दिसत नव्हतं." ते थांबले. "आन तू भेऊन राहिली होती. घरात मानूस असून एकटीनं भेऊन राहिली होती. मी दारात उभा राहून फॉर्म भरून घेऊन राहिलो होतो."

मी इतकी प्रकरणं पाहिली, पण तक्रार नव्यानं मांडायचं काम ते नेहमी समोरच्याकडून करून घेत. पहिल्यांदाच दुसऱ्याची वेडीवाकडी तक्रार त्यांनी स्वतः उचलून सरळ करून दाखवली. काकींनी चष्म्याखालून पदर फिरवला. वहिनी आतून ओरडल्या, "डोळ्याले हात नोका लावू वो, डॉक्टरनं सांगितलं!"

"बरं," काकी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरासा बदलला, ओसरीवर चहा घेऊन येताना ऐकलेला सगळा कारभार त्यात होता. "आता तुमी सांगा. बांधी कोनती?"

घरमालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला पाहू लागले.

"घरी चाल," ते म्हणाले.

"हे मागनं झालं. कोरडं काय हाये, ते विचारून राहिली."

त्यांनी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "सकाळी पाळीवरून येतो," ते म्हणाले. "दारात उभा राहतो. पानी कुठवरी आलं ते कोनाले सांगू?"

काकी हसल्या की नाही ते चष्म्यामुळे सांगता येत नाही. म्हणाल्या, "दुसरा डोळा व्हायचा हाये. औषध हाये. तोवरी मी येत नाई." घरमालकांनी मान हलवली. "फोन करत जा," काकी म्हणाल्या. "आयकाले डोळे लागत नाईत."

परतीच्या गाडीत ते एकटेच होते, मी गोंदियालाच राहिले आणि रविवारी रात्री परतले. सोमवारी पहाटे मी नळ सुटायची वाट पाहत उठले तर घरमालक अंगणात उभे, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, कानाला मोबाईल. स्पीकर चालू, कारण त्यांना तो बंद करता येत नाही.

"दुसऱ्या खुनेवरी आलं," ते मोठ्यानं सांगत होते. "थोडं वरच."

"हं," पलीकडून काकी म्हणाल्या.

ते फोन खाली करणार इतक्यात पुन्हा आवाज आला.

"टेलले पोचलं का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना त्या घरातून कोणी विचारला नव्हता. त्यांनी मोबाईल कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा कानाला लावला.

"नाई पाह्यलं वो," ते म्हणाले. "पाहून येतो, थांब." आणि काठी घेऊन, फोन तसाच चालू ठेवून, पुन्हा कालव्याकडे निघाले.